पाच-नऊच्या शहरात

"लोक युरोपला जाऊन आले की प्रवासवर्णन लिहितात," नीता म्हणाली. नीता म्हणजे माझी बायको. "तुम्ही मांजरीला गेला होतात."

खरं आहे. बिबवेवाडीहून मांजरी, मांजरीहून विश्रांतवाडी आणि पुन्हा मांजरी, एवढाच हा प्रवास. सगळा पुण्यातल्या पुण्यात. पण युरोपला जाऊन आलेल्या माझ्या मेहुण्याने तिथे काय पाहिलं ते मी ऐकलं आहे. त्याच्यापेक्षा मी जास्त पाहिलं असं माझं मत आहे, म्हणून लिहितो.

मी हौशी रेडिओवाला आहे. आम्ही सरकारी परीक्षा देऊन परवाना काढतो आणि एकमेकांशी बिनतारी बोलतो. हातातल्या रेडिओचा आवाज शहरात फार लांब जात नाही. इमारती आडव्या येतात, टेकड्या येतात. म्हणून क्लब एखाद्या उंच जागी रिपीटर नावाचं यंत्र ठेवतो. ते एका फ्रिक्वेन्सीवर आपलं बोलणं ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सांगतं. अशाने कोथरूडचा माणूस हडपसरच्या माणसाशी बोलू शकतो. यंत्र बारा महिने चालू ठेवणं, तपासणं, दुरुस्त करणं हे काम क्लबमध्ये माझ्याकडे आहे, कारण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही.

रोज संध्याकाळी या रिपीटरवर आमचं 'नेट' भरतं, म्हणजे हवेतली हजेरी. ती घेणाऱ्याला 'नेट कंट्रोल' म्हणतात आणि हजेरी लावणाऱ्या प्रत्येकाला 'स्टेशन'. आमच्या नेट कंट्रोल म्हणजे विश्रांतवाडीच्या कुमुदताई. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, गुडघे गेलेले, तळमजल्यावर एकट्या राहतात. एकेकाला नावाने पुकारायचं, त्याने दोन वाक्यं बोलायची, ताईंनी उत्तर देऊन पुढच्याला बोलवायचं. कोण आजारी आहे, कोण गावाला गेलं, कोणाचा रेडिओ बिघडला, हे सगळं ताईंना माहीत असतं.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्यामुळे घडला. ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला 'रिपोर्ट' द्यायचा असतो, दोन आकड्यांत. पहिला पाचपैकी: बोलणं किती समजतं. दुसरा नऊपैकी: सिग्नल किती जोरकस आहे. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. पाहुण्याने बेचव चहालाही छान म्हणावं, तसे आमचे लोक सगळ्यांना पाच-नऊ देतात. मी देत नाही. कारखान्यात मापनयंत्रं बरोबर मापतात की नाही ते बघणं ही माझी नोकरी आहे. तीन-चार असेल तर मी तीन-चार सांगतो. त्यामुळे क्लबमध्ये माझ्याकडे फारसं कोणी रिपोर्ट मागत नाही.

बिबवेवाडी

रिपीटर इतकी वर्षं आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर होता. आमचा भाग चढावर आहे. गच्चीवरून उत्तरेला सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं, आणि रेडिओचं तत्त्व साधं आहे: जे दिसतं तिथे पोचतं.

मग सोसायटीचे अध्यक्ष जिन्यात भेटले. "मोघे, वॉटरप्रूफिंग काढलंय. गच्ची मोकळी करा."

"किती दिवसांसाठी?"

"कायमची."

"वॉटरप्रूफिंग कायमचं चालणार आहे का?"

"अहो, मोबाईलच्या काळात त्या डबड्याचा उपयोग काय?"

"तुमचा मोबाईल आपल्या लिफ्टमध्ये चालतो का?"

"नाही."

"मग लिफ्ट अडकली की काय करता?"

"गप्प उभा राहतो."

"आम्ही नाही राहत," मी म्हणालो.

संवाद मी जिंकलो, सोसायटीची सभा हरलो. माझ्या बाजूने फक्त माझं मत पडलं. नीता सभेला आली नव्हती. नंतर म्हणाली, "आले असते तर तुमची मतं दोन झाली असती. हरण्यात काय फरक पडला असता?" मला वाटतं पडला असता.

रिपीटर उतरवला. त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे चार जाड धातूची नळकांडी. एकाच अँटेनावरून ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी चालतं, तेव्हा दोन्हींची सरमिसळ ती होऊ देत नाहीत. त्यांची जुळणी केसाच्या अंतराने केलेली असते आणि एका चांगल्या धक्क्याने बिघडते. म्हणून ती टेंपोत न टाकता आम्ही रिक्षात मांडीवर घेऊन बसलो, दोन मी आणि दोन नीता.

हडपसरच्या अलीकडे मी रिक्षावाल्याला म्हणालो, "गतिरोधकावर जरा सावकाश."

"काका, अंडी हायेत काय?"

"अंड्यांपेक्षा नाजूक."

"मग ॲम्ब्युलन्स करायची व्हती," तो म्हणाला, आणि पुढचा गतिरोधक त्याने मुद्दाम इतक्या हळू ओलांडला की मागच्या बसने हॉर्नचा कंठशोष केला. नीता मांडीवरच्या नळकांड्यांना घट्ट धरून म्हणाली, "माझ्या बाळंतपणानंतर घरी येताना तुम्ही एवढी काळजी घेतली नव्हती."

मांजरी

नवी जागा दिली जगतापांनी. मांजरीत त्यांची उसाची शेती होती. तिच्यातल्या मोठ्या तुकड्यावर आता बारा मजल्यांची इमारत उभी आहे आणि सगळ्यात वरचे फ्लॅट जगताप कुटुंबाचे आहेत. जगताप माझ्याच वयाचे. पंपाची मोटर उघडावी तितक्या सहज रेडिओ उघडतात. परवाना त्यांनी पहिल्या प्रयत्नात काढला. मला दोन लागले होते.

गच्चीवरून दिसतं ते दृश्य मी आधी पाहिलं नव्हतं. उंच इमारती आणि त्यांच्यामध्ये चुकून राहिल्यासारखे उसाचे हिरवे चौकोन. वारा आला की चौकोन हलतात, इमारती हलत नाहीत, एवढाच फरक. ओल्या मातीचा आणि सिमेंटचा वास एकत्र येतो.

गच्चीवर मधोमध लिफ्टच्या यंत्राची खोली आहे. अँटेना त्या खोलीच्या डोक्यावर लावायची, हे उघड होतं. पण त्या सोसायटीचे अध्यक्ष, एका आयटी कंपनीत असलेले तरुण गृहस्थ, यांनी अट घातली होती की खालून काहीही दिसता कामा नये. एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, बिघडतं. म्हणून अँटेना खोलीच्या मागे, दक्षिणेच्या बाजूला, भिंतीपेक्षा बुटक्या पाईपवर बसवायचं ठरलं.

"या भिंतीने वायव्येची बाजू झाकली जाते," मी म्हणालो. "येरवडा, विश्रांतवाडी, तो सगळा पट्टा."

क्लबचे अध्यक्ष काळे सर आमच्याबरोबर होते. निवृत्त प्राध्यापक, स्वभावाने सौम्य, आणि सौम्य माणसांना असते तशी वाद मिटवायची घाई असलेले. "मोघे, मिळतंय त्यात भागवा," ते म्हणाले. "आधी हवेत तर येऊ."

हवेत आलो. सरांनी एकेकाला पुकारून रिपोर्ट मागितला. कोथरूड, पाच-नऊ. औंध, पाच-नऊ. हडपसर, पाच-नऊ. विश्रांतवाडीहून कुमुदताई, खणखणीत आवाजात, "पाच-नऊ, सर. अभिनंदन."

"झालं समाधान?" सर मला म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

मग जगतापांच्या घरी जेवलो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि वाटीत काकवी. आमच्याकडे 'अजून वाढू का' असं विचारतात आणि पातेल्यावर झाकण ठेवूनच विचारतात. इथे विचारत नाहीत. जगतापांच्या आईंनी माझ्या ताटात तिसरी भाकरी टाकली.

"पुरे, आजी."

"खा की. शहरातली मान्सं नुसती चिमणीवानी खात्यात. ह्या वायरी उचलायला ताकद कुठनं यायची?"

मी खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, ते काकवीने परत नेलं. बिबवेवाडीत हरलो होतो ते त्या जेवणापुरतं विसरलो.

घरी, टेलिफोनवर

पुढच्या काही दिवसांत नेटवर विचित्र गोष्टी होऊ लागल्या. कोथरूडचे साठे रोज सकाळी किती फिरून आलो ते सांगतात. एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं की दिवा बदलताना स्टुलावरून पडलो, पायाला प्लास्टर घातलं आहे.

कुमुदताई म्हणाल्या, "छान, साठे. असंच चालू ठेवा."

मग ताईंनी पुढचं नाव पुकारलं. दुसऱ्या दिवशी औंधच्या एकांनी त्यांना विचारलं, ताई, तुमचे गुडघे कसे आहेत? ताई म्हणाल्या, "धन्यवाद, हवा इकडेही तशीच आहे."

मग काळे सरांचा फोन आला. "मोघे, वय झालं हो त्यांचं. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. उद्या संध्याकाळी नेटवर जाहीर करतो, नेट यापुढे दुसरं कोणी तरी चालवेल. सन्मानाने करू."

"सन्मानाने म्हणजे?"

"म्हणजे... शाल वगैरे."

"हवेतून?"

"ते बघू," सर म्हणाले. मी म्हणालो, "सर, ताईंच्या डोक्याला काही झालेलं नाही. त्यांना ऐकू येत नसणार. रिपीटर मांजरीला गेल्यानंतरच हे सुरू झालं."

"पण त्या स्वतः पाच-नऊ देतात!"

"तुम्ही मला काल काय दिलंत?"

"पाच-नऊ."

"काल मी सगळ्यात कमी ताकद लावून, रेडिओ पलंगाखाली धरून बोलत होतो. नीताला विचारा. ती शेजारी उभी राहून हसत होती."

"सवय हो," सर म्हणाले. "तरी उद्या संध्याकाळी जाहीर करणार आहे. लोक दुखावतात, मोघे."

"माझं मोजून होईपर्यंत करू नका."

त्यांनी हो म्हटलं नाही. मीही परवानगी मागितलेली नव्हती.

मांजरी ते विश्रांतवाडी

सकाळी कारखान्यात रजा टाकली आणि स्कूटर काढली. जगतापांच्या इमारतीच्या पायथ्यापासून सुरुवात केली. मोजायची पद्धत सोपी आहे. रेडिओचं बटण दाबून बोलायचं आणि सोडायचं. बटण सोडल्यावर रिपीटर दोन-तीन सेकंद उघडा राहतो, म्हणजे सिग्नल सोडत राहतो. तेवढ्यात रेडिओच्या पडद्यावरच्या रेघा मोजायच्या. त्या खोटं बोलत नाहीत, त्यांना कोणाला दुखवायची भीती नसते.

मुंढव्यात सिग्नल उत्तम होता. रसाच्या गाडीपाशी थांबून मी "मुंढवा, पाच-आठ" असं म्हणालो, तर गाडीवाल्याने घुंगरू थांबवलं. "साहेब, मंत्री येणार हायेत का? गाडी हलवू?"

"नाही हो. मी आपला माझ्यासाठी बोलतोय."

त्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि रसात लिंबू जास्त पिळलं. तशी तब्येतीला गरज आहे असं त्याला वाटलं असावं.

नदी ओलांडली. पुलाखाली पाणी दिसत नाही, जलपर्णी दिसते. परक्या माणसाला वाटेल की मैदान आहे. पलीकडे खराडीत काचेच्या इमारतींच्या रांगा. तिथे एका फाटकासमोर उभा राहून मोजत होतो, सिग्नल एकदम पडला होता, तेव्हा सुरक्षारक्षक बाहेर आला. बोलण्यावरून यवतमाळकडचा.

"काय करून राह्यले काका तुम्ही? पोलीस हाय काय?"

"नाही. हौस आहे."

"हौसेनं उन्हात उभे राह्यले?"

"हो."

"घरी बायको काही म्हनत नाही?"

"म्हणते."

तो आत गेला आणि पाण्याची बाटली घेऊन आला. मी पाणी प्यायलो. मग त्याने विचारलं, पलीकडे बोलायला कोण आहे? मी सांगितलं, विश्रांतवाडीत एक बाई आहेत, त्यांना ऐकू येतं की नाही ते बघायला चाललोय.

"मंग फोन करून विचारा ना."

"विचारलं तर हो म्हणतील."

"अस्सं," तो म्हणाला. "माही माय बी तशीच हाय. फोनवर सगळं बरं हाय म्हनते." त्याने मला सावलीत स्कूटर लावू दिली. तिथे आकडा आला चार-पाच.

नगर रस्त्यावरचं काही सांगत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. येरवड्यापुढे आकडा आणखी खाली आला. विश्रांतवाडीच्या चौकात तीन-तीन. ताईंच्या गल्लीत शिरलो तेव्हा रेघ एकच उरली होती, तीही जात-येत होती. आता मला मोजायचं उरलं नव्हतं, फक्त दार वाजवायचं होतं.

विश्रांतवाडी

"मोघे? अहो, न सांगता?" ताई काठी टेकत आल्या. "बसा. थालीपीठ लावते."

"गुडघ्यांना त्रास नको."

"गुडघे थालीपीठ लावत नाहीत."

घर लहान आणि नेटकं. खिडकीशी टेबल, टेबलावर ताईंचा रेडिओ. हातातला नव्हे, बैठा, चांगला ताकदवान. अँटेना खिडकीच्या गजाला बांधलेली, कारण गच्चीवर जाणं ताईंना जमत नाही. खिडकीबाहेर जिन्याच्या नव्या दिव्यांची ओळ होती आणि भिंतीपलीकडे लिफ्ट. दोन्ही सोसायटीने नुकत्याच बसवलेल्या.

थालीपीठ खाल्लं, लोण्यासकट. मग मी म्हणालो, "ताई, रेडिओ लावा ना."

"आत्ता? संध्याकाळी लावते की."

"आत्ताच लावा. जगतापांना बोलायला सांगितलंय."

त्यांनी लावला. मी घड्याळाकडे पाहिलं. ठरलेली वेळ झाली होती, मांजरीहून जगताप बोलत असणार. खोलीत नुसती खरखर भरली होती. त्या खरखरीच्या तळाशी, विहिरीत कोणी बोलावं तसं, काही तरी हललं आणि बुडालं.

ताई माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "ऐकलंत ना? पाच-नऊ."

"ताई."

"पाच-नऊ," त्या पुन्हा म्हणाल्या.

त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला.

"जगतापांनी हौसेने जागा दिली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून रिपीटर हाकलला. तिथूनही हलवायचा झाला तर जागा कुठे आहे? क्लबला रिपीटरच राहणार नाही. माझ्या एकीसाठी सगळ्यांचं बंद पाडू?"

"मग नेट कसं चालवत होतात?"

"एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं. कोण किती वेळ बोलतं, कुठे थांबतं, एवढं खरखरीतूनही कळतं. साठे रोज फिरून आल्याचं सांगतात. त्यांना 'छान, असंच चालू ठेवा' हे रोजच चालतं."

"साठ्यांच्या पायाला प्लास्टर आहे, ताई. त्या दिवशी त्यांनी तेच सांगितलं होतं."

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर थांबला.

मग मी बाकीचंही सांगितलं. त्यांना न सांगता काळे सर आज काय जाहीर करणार आहेत, आणि त्यांच्या वयाबद्दल काय बोललं जातंय. सांगावं की नाही असा विचार मी येताना केला होता. उत्तर असं आलं की ज्याच्याबद्दल निर्णय होतो त्याला तो आधी कळला पाहिजे.

"वय झालं म्हणाले?" ताई म्हणाल्या.

"म्हणाले."

"बहिरी म्हणाले असते तर चाललं असतं. निदान मोजता येतं."

तांत्रिक बाजू मी त्यांना समजावली, इथेही सांगतो. मांजरीची भिंत सिग्नल अडवते. इथे पोचतो तेव्हा तो अशक्त असतो आणि ताईंच्या इमारतीतले दिवे आणि लिफ्ट यांच्या खरखरीत बुडतो. पण मांजरीच्या गच्चीवर अशी खरखर नाही आणि ताईंचा रेडिओ ताकदवान आहे, म्हणून त्यांचा आवाज भिंत असूनही तिथे स्वच्छ पोचतो. शहराला त्या ऐकू येत होत्या. त्यामुळे शहर त्यांना ऐकू येत असणार, असं शहराने धरून चाललं.

नेटची वेळ झाली. मी म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना."

"रिपोर्ट ज्याचा त्याने द्यायचा असतो," त्या म्हणाल्या आणि माईक हातात घेतला.

"सर्व स्टेशन्सना नमस्कार. मांजरीचा रिपीटर, विश्रांतवाडीत, एक-दोन. मला तुमचा शब्दही समजत नाही. आत्तापर्यंत दिलेले सगळे पाच-नऊ खोटे होते. साठे, तुमच्या पायाचं मला आज कळलं, तुम्हाला आत्ता फोन करते. काळे सर, आपण काही जाहीर करणार आहात असं ऐकलं. ते हवेत सांगितलंत तर मला ऐकू येणार नाही. घरी येऊन सांगा. थालीपीठ आहे."

माईक ठेवला. उत्तरादाखल खरखर आली. शहर काय म्हणालं ते त्या खोलीत आम्हा दोघांनाही कळलं नाही.

ताईंनी आधी साठ्यांना फोन लावला आणि बराच वेळ फक्त ऐकत राहिल्या. तो ठेवला तोच सरांचा आला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"कुमुदताई, हे असं हवेत बोलायला नको होतं."

"मग कुठे बोलू, सर? खोटं हवेतच बोलले होते."

सर घसा खाकरत राहिले. शेवटी म्हणाले, "पण ऐकूच येत नसेल तर नेट तुमच्याकडे ठेवायचं कसं? उद्या दुपारी सगळे आपापल्या रेडिओपाशी राहू. काही करता आलं तर करा. नाही तर मला ठरवावं लागेल."

यात चूक काही नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

शेवटचा फोन जगतापांचा. "ताई, आमच्यामुळं झालं हे. पाईप आमीच बुटका लावला. उद्या खोलीच्या डोक्यावर घेतो."

"तुमच्या अध्यक्षांना चालेल?"

"न्हाय चालणार," जगताप म्हणाले. "मोघेसाहेबांना म्हणावं, जेवायलाच या."

पुन्हा मांजरी

लिफ्टच्या खोलीवर चढायला लोखंडी शिडी आहे. जगताप कमरेला दोर बांधून वर, मी खाली पाईप धरून. वारा उसाकडून येत होता आणि अर्धा उभा केलेला पाईप नांगराला जुंपलेल्या अडेल जनावरासारखा ओढ घेत होता. एकदा तो माझ्या हातून फिरला आणि अँटेनाचं टोक जगतापांच्या टोपीला लागून टोपी खालच्या उसात गेली. "जाऊ द्या," ते वरून ओरडले, "वावर आपलंच हाय."

तीन बाजूंना तारांचे ताण देऊन पाईप उभा राहिला. आता तो खोलीच्या वर, सगळ्या मांजरीला दिसेल असा होता. मी जोडण्या तपासल्या, पुन्हा तपासल्या. जगताप खाली उतरले, घाम पुसला आणि हातातल्या रेडिओचं बटण दाबलं. "विश्रांतवाडी, विश्रांतवाडी, मांजरीहून बोलतोय..."

तेवढ्यात गच्चीचं दार उघडून त्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष आले. हातात फोन, फोटो काढतच आले.

"जगताप काका, हे काय आहे? खालून सगळं दिसतंय! एलेव्हेशनची पार वाट लागली. मी ग्रुपवर टाकलंय."

"दोनदा अर्ज दिला व्हता. उत्तर आलं न्हाय."

"एक प्रोसेस असते ना, काका. कमिटीसमोर यावं लागतं."

"तुमचं एलेव्हेशन आमच्या उसात उभं हाय. तवा कुठं आमच्यासमोर आला व्हता?"

"ते वेगळं. आणि हे कुणासाठी चाललंय? चार म्हातारे लोक गप्पा मारणार म्हणून? उद्यापर्यंत हे खाली आलं पाहिजे. प्लीज."

जगतापांचा अंगठा बटणावरून निघाला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो इतका वेळ बटणावरच होता. परवाना नसलेल्या माणसाचा आवाज असा हवेत जाणं नियमात बसत नाही. ते घडलं, हे मी इथे नोंदवतो. मी त्याबद्दल जगतापांना काही बोललो नाही, हेही नोंदवतो.

रेडिओतून ताईंचा आवाज आला.

"मांजरी, विश्रांतवाडी. रिपोर्ट पाच-सहा. शब्द न् शब्द समजला. अर्जाचं, उसाचं, चार म्हाताऱ्यांचं, सगळं. मध्ये बोलले ते गृहस्थ कोण? त्यांनी नाव सांगावं. आमच्यात नाव सांगितल्याशिवाय बोलत नाहीत."

जगतापांनी रेडिओ अध्यक्षांपुढे धरला, बटणाला हात न लावता. अध्यक्ष एक पाऊल मागे सरले.

"हे... हे सगळीकडे ऐकू गेलं?"

"कोथरूडपर्यंत," मी म्हणालो. "औंधपर्यंत. आणि विश्रांतवाडीपर्यंत. तिथपर्यंत आजच गेलं."

त्यांनी पाईपकडे वर पाहिलं, रेडिओकडे पाहिलं, फोन खिशात टाकला. "मी मेल करतो," म्हणाले आणि दाराकडे वळले.

"करा," जगताप म्हणाले. "पाईप हाय तिथंच राहील. मेल वाचायला सोपं पडंल."

दार बंद झालं. ताईंनी विचारलं, "मांजरी, ते गेले का?"

"गेले, ताई."

"बरं. मग पुढचं स्टेशन. बोला."

मग काळे सरांचा आवाज आला. त्यांनी रीतसर स्वतःचं नाव सांगितलं, हजेरी लावली आणि म्हणाले, "नेट कंट्रोल, नमस्कार. माझा रिपोर्ट द्याल का?"

"चार-पाच, सर," ताई म्हणाल्या. "आवाजामागे खरखर आहे. तुमची अँटेना तपासून घ्या."